झुंबरबाईचा धूर

वडीगोद्रीबाहेरच्या माळावर सरकारनं विमान उतरायला एक पट्टी राखली होती. तिची राखण झुंबरबाईच्या नवऱ्याकडं होती. तो दम्यानं अंथरुणाला खिळला, तशी ही राखण झुंबरबाई करू लागली. विमान यायचं असलं की गुरं हाकलायची आणि ओल्या पाल्याचा धूर करायचा, म्हणजे वैमानिकाला वारं कळायचं.

१९४४च्या मार्गशीर्षात एका अंमलदाराला घेऊन एक लहान विमान आलं. परतताना दुपारी त्यानं दोन जड पेट्या आत ठेवायला लावल्या. तोवर वारं फिरून मावळतीचं झालं होतं. वाऱ्याला तोंड देऊन उडायचं तर विमान आधी उगवतीच्या टोकाला न्यावं लागणार, आणि तिथं आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाचा चिखल.

झुंबरबाई वैमानिकाला म्हणाली, "साहेब, वारं पाठीमागून येऊन राह्यलंय. धूर बघा."

भालचंद्रनं, त्या वैमानिकानं, धुराकडं पाहिलं. मागून अंमलदार ओरडला, "जल्दी चलो!"

विमान मावळतीच्या टोकाकडूनच, वारं पाठीवर घेऊन पळत सुटलं. पट्टी संपत आली तरी उचलेना. चिखलात चाकं रुतली, एकदाच हातभर उडालं आणि नाकावर बांधाला आदळलं.

झुंबरबाई धावली. वाटेतच पेट्रोलचा वास आला. तिची धुराची धुनी तिथून वीस पावलांवर पेटलेली. आत माणसं विव्हळत होती, पण ती आधी धुनीकडं वळली आणि हातांनी ओली माती ओढून तिनं विस्तव गाडला. मग पाला कापायच्या विळ्यानं आसनांचे पट्टे कापून तिनं दोघांना बाहेर ओढलं. अंमलदाराचा हात मोडला होता, भालचंद्रचा पाय.

पंधरा दिवसांनी चौकशीवाले आले. अंमलदारानं लिहून दिलं होतं की धूर नव्हताच, म्हणून वारं कळलं नाही. धुनीच्या जागी खरोखर मातीचा ढीग होता.

"धूर होता. मीच इझवला," ती सांगत राहिली. कुणी ते लिहून घेतलं नाही; राखणीची नोकरी जाईल, असं सांगून ते गेले. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. भाकरी थापता थापता उठायची, माळावर जायची, माती उकरून कोळसे बघायची. नवरा म्हणायचा, "बस की जरा." ती बसायची आणि परत उठायची.

शेवटी तिनं बैलगाडी जोडून घेतली आणि जालन्याचा दवाखाना गाठला. भालचंद्र पाय टांगून पडला होता.

"बाई, धूर मी पाहिला होता. वजन जास्त होतं, तेही माहीत होतं. वाटलं, निघेल."

"मंग थांबले का न्हाई?"

कागद मागवून त्यानं सगळं लिहिलं, खाली सही केली. त्या कागदानं झुंबरबाईची नोकरी राहिली. भालचंद्रला परत विमान मिळालं नाही.

भालचंद्रचं ते ऐकल्यावर ती नवऱ्याच्या अंथरुणाशी येऊन बसली. "मी जालन्याला जायलाच न्हाई पायजे व्हतं का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मग विळा घेऊन ती धुरासाठी ओला पाला कापायला माळाकडं गेली.