दीपमाळेचं नाव घेते

राजघाटाच्या थोडं खाली, तापीच्या काठावर एक दगडी दीपमाळ आहे. पूल नव्हता तेव्हा नावाडी तिचे दिवे पाहून नाव काठाला लावायचे. माझ्या सासूबाई नवरी होऊन अशाच नावेतून आल्या. त्या सांगतात, "दिवे दिसले की समजायचं, माहेर मागं राहिलं." दर त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर पहिला दिवा त्याच लावतात.

घाटाचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि एका सकाळी दीपमाळेवर पिवळ्या रंगाची फुली दिसली. सासूबाईंनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. "माझ्यामागं पाडा म्हणावं," एवढंच बोलल्या.

मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. अर्ज दिला, सह्या घेतल्या. पौर्णिमेला रस्त्याच्या कामाचे साहेब जागा पाहायला येणार होते. त्यांना गावाचं मन कळावं म्हणून प्रत्येक घरातून दीपमाळेवर एक कविता मागायची ठरवली. कोरे कागद वाटले. आठवड्याने गोळा करायला गेले, तर कोरेच परत. शेजारची सून म्हणाली, "काकू, कविता वगैरे अपने बस की बात नाही. आम्ही शाळेत पाठ करायचो तेवढंच." एका काकांनी लिहून दिली होती, पण ती मोबाईलवरून उतरवलेली आणि तिच्यात समुद्र होता.

त्याच आठवड्यात जवळच्या बहादरपूरला एक लग्न होतं. नवरदेव-नवरी घरात शिरायला निघाले, तर नणदांनी दार अडवलं. "नाव घे, मग आत!" नवरीनं घेतलं. मग मागं उभ्या बायकाही सुरू झाल्या. एकीचा उखाणा संपतो न संपतो तोच दुसरीचा. कोरा कागद परत करणारी शेजारची सून त्यात सगळ्यात पुढं!

मी तिला तिथंच धरलं. "कविता येत नाही म्हणालीस ना?"

"ही कुठं कविता आहे काकू? हा तर उखाणा."

"बरं. मग नवऱ्याच्या जागी दीपमाळेचं नाव घे."

ती लाजली, हसली आणि म्हणाली, "मोबाईलची बॅटरी संपते दुपारी, दीपमाळेचं नाव घेते, ती जागते रात्र सारी."

घरी येईपर्यंत गाडीत सगळ्यांचे उखाणे तयार झाले होते.

पौर्णिमेला बायका घाटाच्या पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहिल्या. एकीनं दिवा लावायचा, नाव घ्यायचं, मग दुसरीनं. केळीच्या बागेतून थेट आलेली एक मावशी म्हणाली, "केळीच्या घडाला टेकूचा आधार, दीपमाळेचं नाव घेते, पळाला अंधार." टाळ्या पडल्या. पहिला दिवा अर्थातच सासूबाईंचा होता. त्या लाजत लाजत म्हणाल्या होत्या, "पैलतीरी माहेर, ऐलतीरी सासर, दीपमाळेचं नाव घेते, पडू देऊ नका विसर."

"नवऱ्याचं नाव घेताना इतक्या लाजल्या नसाल!" कुणीतरी मागून ओरडलं होतं.

अजून दिवे लागत होते, तेवढ्यात साहेब मोजायची टेप घेऊन आले. सासूबाई हात पसरून पायरीवर उभ्या. "नाव घेतल्याशिवाय खाली सोडणार नाही."

"अहो माताजी, मला हे नाही येत."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं.

साहेबांनी डोकं खाजवलं. "फाइलवर फाइल, टेबलावर पसारा, दीपमाळेचं नाव घेतो, वाट सोडा जरा!"

घाटावर जो हशा पिकला, त्यात साहेबांचाच आवाज मोठा होता. हसणं ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत नाव घेतलंत साहेब. आता तिला सांभाळा."

"वादा नाही करत. पण नकाशा परत बघतो," ते म्हणाले. त्यांनी टेप लावली, एकदा नाही, तीनदा.

पावसाळ्याच्या आधी रस्त्यासाठी नवी चुन्याची रेघ पडली. रस्ता दीपमाळेला वळसा घालून गेला. फुली मी स्वतः घासून काढली.

यंदाच्या पौर्णिमेला तेल, वाती, काडेपेटी घेऊन मी पायऱ्या उतरत होते, तर सासूबाईंनी मलाच अडवलं. "गावाचे उखाणे घेतलेस, तुझा कुठं आहे वं?"

खरंच, माझाच राहिला होता.

"पिशवीत माझ्या तेल, वात, काडी," मी म्हटलं, "दीपमाळेचं नाव घेते, रस्त्यानं वळवली गाडी."

"चालंल बाप्पा," असं म्हणून त्या बाजूला झाल्या आणि काडेपेटीसाठी हात पुढं केला.