गोळी औषधाची की पिठाची

पोटभर जेवणाऱ्या, दिवसभर झोपणाऱ्या आणि कुणी गंमत केली की खो खो हसणाऱ्या मुलीला आजारी कोण म्हणणार? कोपरीतल्या आमच्या घरात तरी कुणी नाही. हातापायांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं, नोकरी सुटली, तरी आई म्हणायची, "आलशी हाय नुसती." मला संताप यायचा. आणि तिचंच खरं असेल, अशी भीतीही वाटायची.

ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, हे नैराश्याचंच एक वेगळं रूप. त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, मी नाव दिलं. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. पथ्य मात्र कडक. चीज नको, वाइन नको. आईला हसू फुटलं. चीज आमच्याकडे पाहिलं होतं कुणी?

"आनि मासं?" तिनं विचारलं.

"मासे चालतील," डॉक्टर म्हणाले. ते बिचारे शाकाहारी.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी उठले. सकाळी आंघोळ, भाकऱ्या, नोकरीसाठी खटपट. भाऊ म्हणाला, "पिठाच्या गोलीनं उठलीस बघ. म्हंजे आलसच होता." तेव्हापासून मी धसका घेतला. गोळी खरंच पिठाची निघाली तर मी आजारी नव्हतेच कधी, नुसती ऐतखाऊ.

मग पावसामुळे होड्या किनाऱ्याला लागल्या, ताजी मासळी बंद झाली. आईनं सुक्या बोंबलांचं कालवण केलं आणि मी ते दोनदा वाढून घेतलं. थोड्याच वेळात मानेपासून डोकं फुटायला लागलं, छाती धडधडू लागली. आईनं मला रिक्षात घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि जेवणात काय होतं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. खारवलेलं, मुरवलेलं काहीच या औषधाला चालत नाही. सुकी मासळी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

रक्तदाब उतरल्यावर त्यांनी चाचणीच्या मुख्य कचेरीत फोन करून खात्री केली. "गोळी औषधाचीच होती."

डोकं ठणकत होतं, तरी मला इतका आनंद झाला की रडूच आलं. पण लगेच ते म्हणाले, गोळी कसली ते उघड झालं की चाचणीतून नाव काढावं लागतं, औषध आजपासून बंद.

आईनं हात जोडले. "गोली बंद नको करू, डाक्तर. आमी घरान सुकं आननार नाय." सुकं विकून जिनं आम्हाला वाढवलं, ती हे म्हणत होती. पण नियमापुढे डॉक्टरांचं काही चालेना. दुसरं औषध देऊन बघू म्हणाले, लागू पडेलच असं नाही.

आईनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. मग डॉक्टरांना हळूच म्हणाली, "मंग परत ही झोपल काय?"

मलाही तेच विचारायचं होतं.