जपानी शेजारणीचे पाच वाडगे

दम्मामला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जपानी बाई राहायची. नवरा खारं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनिअर. तिचे वडील मातीची भांडी करायचे आणि तिकडे त्यांचं मोठं नाव होतं. ते गेले, भट्टी विझली, तिच्या वाट्याला पाच वाडगे आले. वडील फक्त घराभोवती उगवेल तेच रंगवायचे: ओढ्याकाठचं गवत, वाऱ्याने कललेली कणसं. एक कणीस पाहून मी म्हटलं, "ही तर आमची नाचणी." ती इतकी खूश झाली की मलाच लाजल्यासारखं झालं. वाडग्यांच्या झिलईत केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. चार आतून पांढरेशुभ्र, पाचव्यातल्या रेघा तपकिरी. "यात वडिलांचा चहा मुरलाय," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

आखाती युद्ध तोंडावर आलं तेव्हा ती मंडळी घाईघाईने मायदेशी निघाली, माणशी एकच बॅग. आमचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या अरब मालकाकडे, आम्ही कुठे जाणार? तिने वाडगे माझ्या हाती दिले. "रोज जेवा यातून. बंद ठेवू नका." मी "हो, हो" म्हटलं आणि ती विमानात बसायच्या आत ते साडीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवले. चांगली भांडी रोज वापरायची नसतात, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. त्यात हळदीची आमटी ओतायची म्हणजे काय! खिडक्यांना टेप लावून, सायरन ऐकत, आम्ही स्टीलच्या ताटांत जेवत राहिलो.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी ती परतली. मी वाडगे टेबलावर मांडून ठेवले. एकालाही टवका नव्हता, त्यामुळे मी तोऱ्यात होते.

तिने एकेक उचलून आत पाहिलं. "काय खाल्लंत यातून?"

"आमटी," मी ठोकून दिलं.

तिने चार वाडग्यांतल्या त्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवलं; हळदीचा पिवळेपणा कुठेच मुरला नव्हता. मग म्हणाली, "टीव्हीवर इथले सायरन दाखवले की आई म्हणायची, ती माणसं आत्ता बाबांच्या वाडग्यांतून जेवत असतील. मग मला घास जायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं खरं सांगून टाकलं. ती उठली आणि तिने ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं. नेमकी आमटीच होती. मी वाढायला पळी उचलली, तर तिने ती आपल्याकडे घेतली, वाडग्यांत आमटी वाढली आणि पहिला वाडगा माझ्यापुढे ठेवला.