जुंबेरच्या कानावर जावं म्हणून

जॉर्जियातल्या कुताइसीच्या त्या हॉटेलात आता पाहुणे नव्हते. सुखुमीहून जीव मुठीत धरून पळालेली माणसं होती. चौथ्या मजल्यावर त्सिआला एकटीच राही. नवरा, जुंबेर, लढाईत मागे राहिला. जिवंत होता की नाही, देव जाणे. तिकडे टपाल जात नव्हतं, फोन लागत नव्हता. पण रेडिओला कोण अडवणार? बुद्धिबळाचे निकाल ऐकल्याशिवाय जुंबेर जेवायला बसत नसे. असेल तर ऐकतच असेल, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

रेडिओवर फक्त विजेतीचं नाव येई आणि तिला दोन शब्द बोलू देत. म्हणून शाळेत मुलांना सोंगट्या हलवायला शिकवण्यात उमर घालवलेली ही बाई शहराच्या स्पर्धेत उतरली.

शेवटचा डाव मका नावाच्या मुलीशी. पोरगी अर्ध्या गुणाने पुढे, वर पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे. बरोबरी झाली तरी पहिली तीच. त्सिआलाने आपला जुना फ्रेंच बचाव मांडला. जुंबेर त्याला कोंबड्यांचं खुराडं म्हणायचा. खोटं नव्हतं ते. उंट प्याद्यांमागे कोंडला, बोटं थंडीने बधिर झाली, आणि मेलं घड्याळ पळत होतं.

"मावशी, बरोबरी करायची? दमलात तुम्ही," मका हळूच म्हणाली. पोर मनाने चांगली होती, त्याचाच जास्त त्रास होत होता.

"खेळ गं बाई."

आणि तिने हत्ती देऊन राजाजवळचा घोडा मारला. डोकं ठिकाणावर असलेलं माणूस असं करत नाही. पण राजापुढची प्यादी फुटली, काळा वजीर आत घुसला. मकाने हार मानून राजा आडवा केला.

रेडिओवाल्याने डाव कसा जिंकलात विचारलं, तर ही म्हणाली, "जुंबेर, मी कुताइसीत आहे. स्टेशनजवळचं हॉटेल, चौथा मजला. ये रे बाबा!"

संध्याकाळी बातम्या संपल्या आणि दार वाजलं. त्सिआला अनवाणीच धावली.

बाहेर गुलिको होती, तिसऱ्या मजल्यावरची. तिच्यामागे जिना भरून बायका.

"तुझा निरोप गेला गं," गुलिको म्हणाली. "आता पुढची स्पर्धा कधी? माझ्या लेवानचं नाव घेशील?"