मैनेच्या पाठीवरून तीन कोस

"डावा, नाना, डावा! आवो, डावा पाय म्हनायलो मी!"

सेलूच्या स्टेशनाबाहेर माझा चुलतभाऊ दिगंबर असा ओरडत होता. पण तोवर मी उजवा पाय रिकिबीत घालून मैनेवर स्वारही झालो होतो. फक्त माझं तोंड तिच्या शेपटीकडं होतं.

जिनात कापूस घालायला आलेले दहा-वीस गाडीवान बघायला जमले. त्यांतल्या एकानं अदबीनं विचारलं, "पाहुणे, आलात कवा आन्‌ वापस जायलाव का?"

"घोडीची जात शेपटीवरून कळते," मी गंभीरपणे म्हणालो आणि शेपूट नीट तपासून मगच उतरलो. उतरलो म्हणजे दोघांनी उतरवून घेतलं. दुसऱ्यांदा चढवायला चौघं लागले. गाडीच्या जुवावर पाय देऊन, एकदा "हर हर महादेव" होऊन, मी अखेर योग्य दिशेला तोंड करून बसलो. मैनेनं एक सुस्कारा टाकला. तो आनंदाचा होता, असं माझं मत आहे.

बावीस वर्षांनी घोड्यावर बसत होतो. मुंबईच्या कचेरीत मी रोज बसतो ते खुर्चीवर. मात्र दुपारच्या चहाच्या गप्पांत मी आजवर किती नद्या घोड्यावरून उडी मारून ओलांडल्या, त्याची मोजदाद नाही. मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात रजा मिळाली आणि मी दिगूला कार्ड टाकलं : 'छकडा नको. घोडी पाठव.'

हा माज गुलाबचाचांच्या जिवावर. चाचा आमच्या आजोबांकडचे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे). त्यांनी मला सातव्या वर्षी उघड्या पाठीवर टाकलं ते चौदाव्या वर्षी खाली घेतलं. मधली सात वर्षं मी जेवलोसुद्धा घोड्यावरच. तेव्हा गावात चाळीस घोडी होती. काही रझाकारांच्या धामधुमीत गेली, काही जहागिऱ्यांबरोबर गेली, उरलेली सायकलींना लाजून गेली. राहिली एकटी मैना.

स्टेशनासमोर पत्रावळीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांची तिखट फोडणी) खाताना दिगूनं हळूच सांगितलं, "नाना, चाचाला आता नीट दिसत न्हाई. पर आठ दिस झालं, पारावर बसून समद्याला सांगायलेत, माझा शागीर्द बसून येतोय, टापा ऐका म्हनून. त्यांनी शिकवलेलं दुसरं कोन उरलंय गावात?"

"मग?"

"मग काई न्हाई. बसून या म्हंजे झालं."

मी उरलेली सुशीला दिगूच्या पत्रावळीवर सरकवली. पण तोंड माझंच, म्हणालो, "तू माझी ट्रंक घेऊन छकड्यानं हो पुढं. मी वेशीत तुला गाठतो."

सेलू मागं पडलं. हवेत उडणारा कापूस सरला आणि दोन्ही अंगांना ज्वारी लागली, खांद्याइतकी उंच, दाण्यांनी वाकलेली. मधेमधे करडईचे पिवळे पट्टे. काळ्या मातीला तो एक वास असतो, तो बावीस वर्षं माझ्या नाकात कुठं दडून बसला होता कोण जाणे. मैना रहवाल चालीनं (पोटातलं पाणीही हलू नये अशा चालीनं) निघाली होती. माझ्या अंगातलं मात्र बरंच काही हलत होतं. तरी पहिला कोस मी नवाबासारखा काढला. दोन बगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

मग दर्गा आला.

आमच्याकडं रीत अशी की मारुतीपुढून नि पीरापुढून कुणी स्वार होऊन जात नाही. उतरायचं, लगाम धरून पन्नास पावलं चालायचं, मग बसायचं. चाचांनी घोडीही तशीच शिकवलेली. मैना दर्ग्याच्या लिंबाखाली खांबासारखी उभी राहिली. टाच मारली, चुचकारलं, आजोबांच्या नावाचा हवाला दिला. ढिम्म. मला उतरायला हरकत नव्हती. पुन्हा चढवायला चौघं कुठून आणू? म्हणून मी युक्ती केली. वरूनच हात जोडले आणि मैनेला शेताच्या बांधावरून लांबच्या वाटेला वळवू लागलो.

ज्वारीतल्या माळ्यावर एक म्हातारी गोफण घेऊन पाखरं राखत होती. ती कडाडली, "ओ पाहुणे! उतरा खाली! बसून जायला तुमी काय निजाम लागून गेलाव?"

"मावशी, पाय दुखतोय."

"मग तर पीराच्या पाया पडाच की!"

उतरलो. पाया पडलो. पन्नासऐवजी शंभर पावलं चाललो, म्हणजे पीर खूश होऊन काही मदत करील. पुढं विहिरीचं थारोळं (मोटेचं पाणी पडायचा दगडी हौद) दिसलं. त्यावर चढलो, मैनेला शेजारी उभं केलं, उडी घेतली. ऐन वेळी ती हातभर पलीकडं सरकली आणि मी करडईत पडलो. करडईचे काटे ज्यानं भोगलेत, त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं भोगले नाहीत, त्याला सांगूनही कळणार नाही.

तीन वेळा प्रयत्न केला. मग लगाम धरून चालू लागलो. दोन कोस. वाटेत दुधना लागली. लहानपणी ही नदी मी पुरात एका उडीत ओलांडली होती, असं मी मुंबईत सांगतो. पात्रात आता घोटाभर पाणी होतं, आणि तेवढ्यातही माझा जोडा वाहून चालला होता. हसत हसत तो पकडला आणि पुढं निघालो.

पारावर चाचा ताठ बसले होते. पांढरी दाढी, कान वाटेकडं. भोवती अर्धं गाव. मी वळणाअलीकडं थांबलो, मैनेला पुढं घातलं, आणि टापा पारापर्यंत पोचल्यावर हळूच शेजारी जाऊन मोठ्यानं म्हणालो, "चाचा, काय घोडी आहे! वाऱ्यासारखी आणली!" लोकांना दिसत होतं. कुणी हसलं नाही.

चाचा उठले. मैनेच्या मानेवरून हात फिरवत तो खोगिराखाली घातला. जरा वेळ तिथंच ठेवला. मग गावाकडं तोंड करून म्हणाले, "ऐकल्या का टापा? म्हनलो नव्हतो, येतोय म्हनून?"

आणि माझ्या कानाशी वाकून : "खाली कोरडं हाय, बाळासाब. घाम न्हाई. सकाळी नदीला या."

त्या दिवशी दिगूच्या घरी हुरडा होता, शेंगदाण्याची चटणी होती. मी सगळं उभ्यानं खाल्लं.

सकाळी दुधनेच्या वाळूत चाचांनी मला दगडावरून उघड्या पाठीवर घेतलं. दोर त्यांच्या हातात. चाळिशीकडं झुकलेला माणूस सात वर्षांच्या पोरासारखा गोल फिरत होता आणि ते मधोमध उभे राहून ओरडत होते, "मांड आवळा! हात सैल! पोट आत, बाळासाब, पोट आत!" त्यातलं शेवटचं माझ्या हाती नव्हतं.

पाचव्या फेरीला त्यांनी दोर सोडला. मैना पाण्याच्या कडेनं सुटली. इथं मात्र मी फेकत नाही : ती दौडली, आणि मी तिच्यावर होतो. मांड्यांना जुनी मांड आठवली. थंड वारा डोळ्यांत गेला. चाळीस घोडी, आजोबांची हाक, पागेतला चंदीचा (घोड्यांच्या दाण्याचा) वास, सगळं त्या दोन फर्लांगांत भेटून गेलं. गेलेलं गाव परत येत नाही हे मला मुंबईत बसूनही कळत होतं. अंगात ते कुठं शिल्लक आहे, ते घोडीवर कळलं.

परतताना छकडा घेतला. वेशीत चाचा मैनेला धरून उभे होते. मला राहवलं नाही. खाली वाकून विचारलं, "चाचा, खरं सांगा. तुमची विद्या राहिली ना माझ्या अंगात?"

चाचा घोडीच्या आयाळीतलं कुसळ काढत होते. ते काढून झालं, तेव्हा म्हणाले,

"घोडी शानी हाय."