पाऊस न लागणारी दुर्बीण

युद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाने पोशीरच्या आमच्या घराच्या ओटीवर एका दुर्बिणीचा आराखडा पूर्ण केला. ती पृथ्वीवर वापरायची नव्हती.

भाऊ कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. जर्मनांचे अग्निबाण आता अमेरिकेत उपकरणे घेऊन वर जातात, हे त्याने वर्तमानपत्रात वाचले होते. ताऱ्यांपासून अतिनील किरणही निघतात; ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बहुतेक वरच्या हवेतच अडतात. तेव्हा दुर्बीणच हवेच्या वर न्यायची. तिथे ती फिरत राहील आणि पट्ट्यापट्ट्याने सगळ्या आकाशाची पाहणी करील, असा बेत होता. वर कोण नेणार, हा किरकोळ तपशील त्याने अमेरिकनांवर सोपवला होता.

मुंबईचे एक प्राध्यापक माथेरानला जाताना नेरळ स्टेशनवर आराखडा पाहणार होते. पसंत पडला तर त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा, नाहीतर जूनमध्ये पुन्हा शाळा. घरात हे सर्वांना माहीत होते. त्यामुळे आराखडा तपासण्याचा अधिकारही सर्वांनी घेतला.

घरे शाकारण्याचे दिवस होते. काका छपरावर बसून कौले चाळत होते. शास्त्रीय चौकशी तिथूनच सुरू झाली.

“नळीचं तोंड उघडंच ठेवलंस?”

“काका, ती ढगांच्या वर जायची. तिथं पाऊस नाय.”

“आन् पाऊस काय खालनं येतो रं? वरनंच येतो ना?”

“मास्तर हायेत ते,” खालून कौले देणारा शेजारी म्हणाला. “त्यांच्या शाळंत खालनं येत आसंल.”

आईने तोडगा काढला. “लाव रं एक काच. काचेतनं दिसतं की समदं.”

भावाने संध्याकाळपर्यंत विरोध केला. वर पाऊस नसतो हे त्याला ठाऊक होते. पण मे महिन्यात उघडे तोंड पाहून स्वस्थ बसणे आमच्या तालुक्यात कुणालाच जमत नाही. त्याने आराखड्यात नळीच्या तोंडावर जाड काच रेखाटली. फटीतून पाणी जाऊ नये म्हणून कडेने डांबरही दाखवले. साधी काच बहुतेक अतिनील किरण अडवते, हे तो स्वतः वर्गात शिकवत असे.

नेरळला माथेरानची छोटी गाडी सुटायला वेळ होता. प्राध्यापकांनी बाकावर आराखडा पसरला. आरसा त्यांना आवडला, पाहणीची पद्धतही आवडली. मग त्यांचे बोट काचेवर थांबले.

“ही कशाला?”

“पावसासाठी,” भाऊ म्हणाला.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. “तुमच्या दुर्बिणीला सगळं आकाश दिसेल हो. जे बघायला पाठवलीत, तेवढं सोडून.”

“काच काढता येईल, सर.”

“ते झालंच. पण लावायला कुणी सांगितली?”

“मीच लावली.”

प्राध्यापक माथेरानला गेले. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. जूनमध्ये भाऊ कर्जतच्या शाळेत हजर झाला.