मिस्त्रींची पाच कासवं

मिस्त्री भेटले की आधी माणसाच्या नाकाकडे पाहायचे. त्यांच्या शेजारची खोली आम्ही भाड्याने घेतली तेव्हा मला ते फार विचित्र वाटलं होतं. पहिल्या दिवशी तर मी पदराने दोनदा नाक पुसलं. आठवडाभरात उलगडा झाला. रोज सकाळी ते एकेक कासव उचलून उजेडाकडे धरायचे. नाकपुड्या कोरड्या आहेत ना, बुडबुडा येत नाही ना, डोळे उघडे आहेत ना, सगळं पाहून मगच खाली ठेवायचे. त्यातून लागलेली ती सवय होती. "कासव कण्हत नाही, बाई," ते मला म्हणाले. "त्याचं दुखनं नाकात दिसते. आपल्याले दिसलं तं दिसलं, नाही तं मेल्यावर समजते."

वाडीत, अमरावती रोडवर, ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचं त्यांचं काम. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी मौद्याला दिली होती. कासवं त्यांना ड्रायव्हर लोकांनी आणून दिलेली. कोणाला रस्त्यात सापडलेलं, कोणी ढाब्यावरून सोडवून आणलेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली ती पाच कासवं. त्यांतल्या एका मादीच्या कवचाला कोणीतरी भोक पाडून तार ओवली होती आणि तिला खुंट्याला बांधून ठेवलं होतं. मिस्त्रींनी ती तार कापून काढली तेव्हा मी शेजारी उभी होते. एवढाले सागवानी पाटे ठोकणारे हात, पण तार तसूतसूने सोडवत होते. "लोकाइले वाटते हे वरचं टोपलं हाय," ते म्हणाले. "हाड हाय हे. याच्यात रगत हाय." त्या मादीची पाठ काळपट होती म्हणून ते तिला काळी म्हणत. खायला ती सगळ्यांत शेवटी यायची. बाकीची चार जेवून बाजूला झाली की मगच मान बाहेर काढायची.

खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी कासवांसाठी आवार बांधलं होतं. विटांची गुडघाभर भिंत आणि तिचा पाया हातभर खोल, कारण कासव उकरून पळतं. अर्ध्या भागात ऊन, अर्ध्यात तुराट्यांचं छप्पर. मधोमध मातीचा उंचवटा, म्हणजे पाऊस आला तरी कोरडी जागा उरावी. पाण्याचं परळ इतकं उथळ की कासवाची मान बुडू नये. गारठा पडला की संध्याकाळी सगळी मंडळी घरात, फळ्यांच्या खोक्यात, तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर. वर एक बल्ब टांगलेला. ते तणस मिस्त्री रोज बदलायचे. मी एकदा म्हटलं, "कालचं तर चांगलं दिसतंय." त्यांनी मूठभर तणस माझ्या गालाला लावलं. थंडगार लागलं. "थंडी एक डाव सोसते कासव," ते म्हणाले. "ओल नाही सोसत. ओल छातीत जाते."

आजूबाजूच्या बायका कौतुकाने केळं, उरलेली पोळी घेऊन यायच्या. मिस्त्री ते हातात घ्यायचे आणि हळूच गाईसाठी बाजूला ठेवायचे. घोळ, केना असला रानपाला, जास्वंदीची पानं, वर कवच टणक राहावं म्हणून समुद्रफेसाची किसलेली पूड, एवढंच कासवांना. "लाड नोका करू," म्हणायचे. "लाडानं पोट सडते." पण एखादं खाईना झालं, की हेच मिस्त्री कोमट पाण्याच्या घमेल्यात त्याला बसवून तासभर उकिडवे बसून राहायचे.

एका पावसाळ्यात त्यांचा जुना खोकला बळावला. थुंकीतून रक्त पडलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. निघताना रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सगळं पुन्हा सांगितलं. मी शाळेच्या वहीत लिहूनही घेतलं. "तुमी शिकलेल्या हा, बाई," ते म्हणाले. "तुमच्या भरोश्यावर ठेवून राह्यलो."

महिनाभर मी सगळं नीट केलं. मग झड लागली. आवारात पाणी भरलं, म्हणून मी कासवं खोक्यासकट आमच्या खोलीत आणली. त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. "हे काय वं घरात? वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या आणि खोकं मोरीजवळ सरकवलं. मी ते तिथेच राहू दिलं. तिथे पाणी उडतं हे मला दिसत होतं. कोरडं तणस मिस्त्रींच्या खोलीत होतं, किल्ली माझ्याकडे होती, चार पावलांचं अंतर होतं. पण शाळेतली नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची कुरकुर यात मी रोज म्हणत राहिले, उद्या बदलू. पाचव्या दिवशी खोक्यात हात घातला तर तणसाचा चिखल झाला होता. तीन कासवांच्या नाकाला बुडबुडे होते.

मी त्यांना पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "आम्ही गाई-म्हशी पाहतो. हे कोणी आणत नाही." अंदाजाने औषध दिलं. मी बल्ब लावला, ऊब दिली, सगळं केलं, जे आधी करायचं होतं ते. दहा-बारा दिवसांत पाचही गेली. काळी शेवटी गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी दवाखान्यात गेले, सांगायचंच असं ठरवून. मिस्त्री उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर जरा तजेला आला होता.

"खाऊन राह्यले ना?"

"हो," मी म्हटलं.

"पयले कोन येते आता?"

"काळी," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग पांघरुणाची कडा दुमडत त्यांनी विचारलं, "तणस कोरडं होतं काय, बाई?"

मी रडायला लागले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं तुमाले." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुमारास ते घरी आले. दोन दिवसांत त्यांनी आवाराची भिंत स्वतः पाडली, मधे मधे दम खात. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या जी." विटा रचून ठेवल्या, खोली मोकळी केली आणि मुलीकडे मौद्याला गेले. निघताना त्यांनी मला नमस्कार केला, अनोळखी माणसाला करावा तसा. मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी माझ्या दारात आली. बाबा गेले, एवढं इथल्या घराघरांत सांगत ती फिरत होती. मी तिला बसवलं, चहा केला. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

तिने कप खाली ठेवला. मनापासून आठवून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे.

"नाही, बाई," ती म्हणाली. "कासवाइचं बोलत. इथल्या ड्रायव्हर लोकाइचं बोलत. तुमचं नाव काई मी आयकलं नाही."

मी उठले आणि तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.